बोटांचे ठसे आणि बारा अंक

आई आपल्याला नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखते. मित्र पाठमोरे पाहूनही ओळखतात. कोपऱ्यावरच्या वाण्याला ‘आईने पाठवले आहे, वहीत मांडून ठेवा’ एवढे सांगितले की पुरते. पण तालुक्याच्या गावी बँकेत जा; तेथला कारकून विचारतो, ‘आपण कोण? पुरावा काय?’ यात त्याचा काही दोष नाही. त्याने आपल्याला पूर्वी कधी पाहिलेलेच नसते.

माणसे थोडी असली की ओळख आठवणीत राहते. माणसे वाढली की ती कागदावर उतरते. आणि माणसे कोट्यवधी झाली की ती संगणकात जाते. आपल्या देशात हे काम ‘आधार’ या योजनेने केले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आज सव्वाशे कोटींहून अधिक लोकांना असे क्रमांक मिळालेले आहेत. जगात एवढी मोठी ओळखनोंदणी दुसरी नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांजवळ हा बारा अंकी क्रमांक असेलच. पण यंत्र माणसाला ओळखते म्हणजे नेमके काय करते? ते कोठे चुकते? आणि साऱ्या देशाची ओळख एका ठिकाणी साठवली की तिच्यावर ताबा कोणाचा? पहिले दोन प्रश्न विज्ञानाचे आहेत, तिसरा नागरिकशास्त्राचा. गंमत अशी की, पहिल्या दोहोंची उत्तरे नीट समजल्याखेरीज तिसऱ्याचे उत्तर देता येत नाही.

बंगालपासून जोहान्सबर्गपर्यंत

बोटांच्या ठशांचा सरकारी उपयोग सुरू झाला तो आपल्याच देशात. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा उमटवून घेतला. पुढे त्या माणसाने ‘ही सही माझी नव्हेच’ असे म्हणू नये, एवढाच हेतू. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे हर्शेलने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे आणि दस्तऐवज नोंदवणाऱ्यांचे ठसे घेण्याची पद्धत पाडली. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८९२ मध्ये या विषयावर शास्त्रीय ग्रंथ लिहिला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे कार्यालय निघाले. हजारो ठशांतून हवा तो ठसा चटकन कसा शोधावा, यासाठी तेथे ठशांची १०२४ खणांत विभागणी करण्याची युक्ती वापरात आली. ही पद्धत एडवर्ड हेन्री या साहेबाच्या नावाने ओळखली जाते. पण तिच्या मांडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा वाटा फार मोठा होता.

हे ज्ञान लवकरच समुद्रापार गेले. १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हाल सरकारने एक वटहुकूम आणू घातला. आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई माणसाने ठसे देऊन नोंदणी करावी, दाखला सतत जवळ बाळगावा आणि पोलिसाने मागताच दाखवावा, असा त्याचा मथितार्थ. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे भरलेल्या सभेत हिंदी लोकांनी हा कायदा न मानण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म या सभेतला.

यातला एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९०८ च्या आरंभी तडजोड झाली, तेव्हा गांधीजींनी आपल्या दहाही बोटांचे ठसे स्वखुशीने दिले. पण सरकारने सक्तीचा कायदा मागे घेतला नाही, तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांहून अधिक दाखले एका कढईत जाळण्यात आले. म्हणजे आक्षेप बोटाला लागणाऱ्या शाईला नव्हता. आक्षेप होता तो सक्तीला, आणि सबंध समाजाला आधीच संशयित ठरवण्याला. ठसा तोच, पण तो कोण, कशासाठी आणि कोणत्या अटीवर घेतो, यावर त्याचा अर्थ बदलतो.

काचेवरचे बोट

आता जरा भौतिकशास्त्राकडे वळू. एक साधा प्रयोग करून पाहा. काचेचा पेला पाण्याने भरा आणि हातात घट्ट धरा. बोटे किंचित ओलसर असू द्या. आता वरून, जरासे तिरपे, पाण्यातून पेल्याच्या बाजूकडे पाहा. काच चांदीसारखी चकचकीत दिसेल आणि जेथे बोटे टेकली आहेत तेथे बोटांवरच्या रेषा स्पष्ट उठून दिसतील.

असे का होते? घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे जाणारा प्रकाशकिरण एका विशिष्ट कोनापेक्षा अधिक तिरपा असला, तर तो बाहेर पडतच नाही. सगळाच्या सगळा आत परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. काच आणि हवा यांच्यासाठी हा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश असतो. बोटावरच्या रेषा म्हणजे बारीक उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खाचा. उंचवटा काचेला टेकतो, तेथे काचेपलीकडे हवा उरत नाही. त्यामुळे परावर्तन बिघडते आणि ती जागा काळसर दिसते. खाचेत मात्र हवा असते, म्हणून ती चकाकते.

ठसे घेणारी अनेक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. पेल्याच्या जागी काचेचा लोलक असतो आणि डोळ्याच्या जागी कॅमेरा. आता बोट घामाने किंवा पाण्याने अगदी निथळत असेल तर काय होईल? खाचांतही पाणी भरेल. काच आणि पाणी यांच्यासाठी क्रांतिक कोन सुमारे ६२ अंश येतो. ४५ अंशांनी आलेला किरण मग खाचेच्या जागीही बाहेर निसटतो आणि सगळा ठसा काळा डाग होऊन बसतो. उलट बोट फार कोरडे असेल तर उंचवटे काचेला नीट टेकत नाहीत आणि ठसा फिकट उमटतो. दगड फोडणारे, शेतात राबणारे, धुणीभांडी करणारे यांच्या बोटांवरचे उंचवटे तर झिजूनच गेलेले असतात. म्हातारपणी कातडी सैल आणि कोरडी होते. म्हणजे जे अधिक कष्ट करतात, त्यांनाच यंत्र अधिक वेळा ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ म्हणते! यात यंत्राचा पक्षपात नाही. हा प्रकाशाचा नियम आहे. पण या नियमाचा भार कोणावर टाकायचा, हे मात्र माणसेच ठरवतात.

म्हणूनच आधारमध्ये दहा बोटांच्या जोडीला दोन्ही डोळ्यांच्या परितारिकांचे चित्रही घेतात. आपल्या काळ्याभोर डोळ्यांतली नक्षी साध्या उजेडात दिसत नाही. अवरक्त प्रकाशात मात्र ती उमटते. केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी या नक्षीचे रूपांतर २०४८ शून्य-एकांच्या मालिकेत करण्याची रीत शोधून काढली. परितारिका कष्टाने झिजत नाही, हा तिचा मोठा गुण.

जुळले म्हणजे काय?

एकाच बोटाचे दोन ठसे कधीही तंतोतंत सारखे उमटत नाहीत. दाब बदलतो, कोन बदलतो. म्हणून संगणक ‘सारखे आहे’ किंवा ‘सारखे नाही’ असे पाहत नाही. तो ‘किती सारखे’ याला गुण देतो. गुण एका ठरावीक मर्यादेच्या वर गेले की ‘जुळले’. ही मर्यादा खाली आणली तर भलताच माणूस आत शिरेल. वर नेली तर खराच माणूस बाहेर राहील. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणे कोणत्याही मोजमापाच्या यंत्राला साधत नाही.

समजा, रेशन दुकानातले यंत्र शंभरांतून अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर ओळखते. परीक्षेत अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे पेढे वाटावेत! पण त्या दुकानात पाचशे शिधापत्रिका असतील, तर दहा कुटुंबे धान्याविना परत जातील. त्यांच्या दृष्टीने यंत्राची चूक दोन टक्के नसते, शंभर टक्के असते. म्हणून यंत्राने नकार दिला तर दुसरी वाट कोणती, हा प्रश्न यंत्र किती चांगले आहे याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

याहून अवघड काम म्हणजे एका माणसाने दोनदा नोंदणी केलेली नाही ना, हे तपासणे. येथे प्रत्येकाची तुलना इतर सर्वांशी करावी लागते. चाळीस मुलांच्या वर्गात किती जोड्या होतील? ४० × ३९ ÷ २ = ७८०. सव्वाशे कोटी माणसांच्या जोड्या किती? सुमारे ७.८ × १०^१७ ! समजा, दोन वेगळ्या माणसांचे ठसे चुकून जुळण्याची शक्यता एक लाख कोटींत एक इतकी थोडी आहे. तरीही सुमारे सात लाख ऐंशी हजार जोड्या चुकीने जुळतील. एका बोटावर भागत नाही, दहा बोटे आणि दोन डोळे लागतात, याचे कारण हे.

बारावा अंक

आधारचा क्रमांक स्वैर निवडीने दिलेला असतो. त्यात जन्मतारीख, जात, गाव यांपैकी काहीही दडलेले नसते. ही चांगली गोष्ट आहे. पहिला अंक ० किंवा १ नसतो. आणि शेवटचा, बारावा अंक पहारेकऱ्याचे काम करतो.

पहारेकरी कसा? समजा, ३८१५ या संख्येच्या अंकांची बेरीज केली, १७ आली. तिचा शेवटचा अंक ७ पुढे जोडला : ३८१५७. लिहिताना कोणी ३८४५७ लिहिले, तर पहिल्या चार अंकांची बेरीज २० येईल, शेवटी ० हवा होता, ७ आहे, चूक पकडली! पण कोणी पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ८३१५७ लिहिले तर? बेरीज तीच. पहारेकरी झोपला!

डच गणितज्ञ व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये यावर एक सुरेख तोड काढली. पुठ्ठ्याचा एक समभुज पंचकोन कापा आणि त्याच्या कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी १ ते ५ क्रमांक द्या. तो फिरवून पाच प्रकारे आणि उलटा करून आणखी पाच प्रकारे, असा एकूण दहा प्रकारे त्याच जागी ठेवता येतो. दहा प्रकार, दहा अंक! आता आधी एक घर फिरवा आणि मग उभ्या रेषेभोवती उलटा. नंतर पुन्हा सुरुवातीपासून, आधी उलटा आणि मग एक घर फिरवा. उत्तर वेगळे येते. बेरजेत क्रम बदलला तरी फरक पडत नाही, येथे पडतो. व्हरहूफ यांनी अशी ‘बेरीज’ आणि तिच्या जोडीला प्रत्येक स्थानावर अंकांची ठरावीक उलटापालट यांचा मेळ घातला. त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ते हमखास कळते. आधारचा बारावा अंक या रीतीने काढतात. मात्र हेही लक्षात ठेवा की, हा पहारेकरी लेखनाची चूक पकडतो, लबाडी नव्हे.

एक क्रमांक, अनेक कप्पे

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आपली माहिती पूर्वीही सरकारदरबारी होतीच. पण शाळेची नोंद शाळेत, दवाखान्याची दवाखान्यात, बँकेची बँकेत. प्रत्येक कप्पा निराळा, त्याचे कुलूप निराळे. सगळ्या कप्प्यांवर एकच क्रमांक घातला, की ते एका दोरीत ओवता येतात. मग एखादा माणूस काय खातो, कोठे जातो, कोणता आजार लपवतो, हे सारे जोडून पाहणे शक्य होते. आधारच्या मध्यवर्ती भांडारात अशी सगळी माहिती ठेवत नाहीत, हे खरे. तिथून पडताळणीचे उत्तर पुष्कळदा केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच जाते. पण कोणत्या संस्थेने केव्हा विचारले, याची नोंद राहते. आणि नोंदींचीही एक गोष्ट बनते.

‘मी काही वाईट करत नाही, मग मला भीती कसली?’ असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी हॉलंडचा इतिहास वाचावा. तेथील लोकसंख्येच्या नोंदवह्या युद्धापूर्वी फार व्यवस्थित होत्या; त्यांत धर्मही लिहिलेला असे. हेतू वाईट नव्हता. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि ज्यू कोठे राहतात हे शोधायला त्यांना या वह्यांचा आयता उपयोग झाला. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश ज्यू मारले गेले. त्याची कारणे अनेक होती. पण चोख नोंदणी हे त्यांतले एक. २७ मार्च १९४३ रोजी काही देशभक्तांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून कागदपत्रे जाळण्याचा प्रयत्न केला. कागदांचा काही भागच नष्ट झाला. पण बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. वही भरणारा सज्जन असला, तरी ती पुढे कोणाच्या हाती पडेल, हे त्याला ठाऊक नसते.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयात गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा कायम ठेवला, मात्र त्याला कात्री लावली. सरकारी मदतीसाठी आणि प्राप्तिकरासाठी आधार मागता येईल. पण बँकेचे खाते, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांसाठी सक्ती करता येणार नाही. पडताळणीच्या नोंदीही सहा महिन्यांपलीकडे ठेवू नयेत. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र सारा कायदाच घटनाबाह्य असल्याचे मत नोंदवले. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असे म्हटले आहे. पण सरकारी यंत्रणांना त्यातून मोठ्या सवलती दिल्या आहेत. त्यावर वाद चालू आहे, आणि तो चालू राहणे बरेच.

एस्टोनियाचा धडा

सगळ्या देशांनी एकच वाट धरलेली नाही. ब्रिटनने २००६ मध्ये ओळखपत्रांचा कायदा केला, २०१० मध्ये रद्द केला आणि २०११ मध्ये साठवलेल्या माहितीच्या तबकड्याही नष्ट केल्या. उलट, तेरा लाख वस्तीचा चिमुकला एस्टोनिया २००२ पासून संगणकी ओळखपत्र वापरतो. तेथे सहीसुद्धा संगणकावर करतात.

त्या पत्रातील चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. ८३ आणि ९७ या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे : ८०५१. पण नुसते ८०५१ देऊन ‘हे कोणत्या दोन संख्यांचे गुणन?’ असे विचारले, तर डोके खाजवावे लागते. संख्या शेकडो अंकी असल्या, तर संगणकही हात टेकतो. गुणाकार जगजाहीर, अवयव गुप्त : या कल्पनेवर २०१७ पर्यंत ती किल्ली उभी होती. बोटाचा ठसा तेथे पाठवावा लागतच नाही.

पण २०१७ मध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनानंतर झालेल्या चेक प्रजासत्ताकातील संशोधकांना आढळले की, एका जातीच्या चिप मूळ संख्या निवडताना ठरावीक साच्यातून निवडतात. त्यामुळे अवयव शोधणे सोपे होते. एस्टोनियाची सुमारे साडेसात लाख पत्रे या दोषात सापडली. सरकारने ही गोष्ट लोकांना उघड सांगितली, ३ नोव्हेंबरला जुन्या किल्ल्या बंद केल्या आणि नव्या दिल्या.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, किल्ली बदलता येते. बोट बदलता येत नाही. ठशाची नक्कल कोणाच्या हाती लागली, तर ती जन्मभराची. दुसरी अशी की, आपली नोंद कोणत्या अधिकाऱ्याने उघडून पाहिली, हे एस्टोनियातला नागरिक स्वतः पाहू शकतो. सरकार नागरिकाकडे पाहते, तसे नागरिकालाही सरकारकडे पाहता येते.

आपल्यापुरते काय?

आपल्याकडेही काही सोयी आहेत, त्या वापराव्यात. मूळ क्रमांकाऐवजी बदलता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक देता येतो. पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. ठशांची पडताळणी कुलूपबंद करून ठेवता येते. झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली आहे, हे तिच्यावर लिहून ठेवावे. लहानपणी ज्यांची नोंदणी पालकांनी केली, त्यांना अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपला क्रमांक रद्द करून मागण्याचा हक्क २०१९ च्या दुरुस्तीने दिलेला आहे. हा हक्क वापरावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे; पण तो आहे हे ठाऊक तरी असावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात पेल्याचा प्रयोग आणि पुठ्ठ्याचा पंचकोन जरूर करून दाखवा. मग मुलांना विचारा : ठसा जुळला नाही म्हणून रेशन दुकानातून परतणाऱ्या आजीबाईंसाठी तुम्ही कोणता नियम कराल? या प्रश्नाला बारा अंकी उत्तर नाही. पण ते शोधायला पूर्ण आंतरिक परावर्तनही समजावे लागते आणि आजीबाईही.